पाना

मोठा रस्ता ओलांडला की मिर्दिफ संपतं.
वाळूच्या रंगाचे व्हिला, गच्च्यांवरच्या टाक्या,
आमचा तिसरा मजला, बाल्कनीत वाळणारी शाळेची पँट
मागे राहते,
आणि पुढे, जाळीच्या पलीकडे,
झाडंच झाडं.
कुणी रांगेत उभी केल्यासारखी नाहीत.
एकमेकांकडे पाठ करून, हवी तशी वाकलेली.

मुलगा म्हणतो, ग़ाफ.
शाळेत शिकवलंय, या देशाचं झाड.
त्याचा ग घशातून येतो, खाकरल्यासारखा.
माझा टाळूलाच चिकटतो.
मी म्हणते, शमी.
तो म्हणतो, तुझं सगळंच कसं गं आधीपासून आपलं असतं?

पण आहेच ती शमी.
तीच बारीक पानं, तोच काटा
ओढणीचा धागा काढणारा.
पहिल्या वर्षी दसऱ्याला चोरून एक डहाळी मोडली
तर मागून आवाज,
"ताई, सोना लुटतास काय?"

हमीद तिसेकर. बुरोंडीचे.
हिरवा गणवेश, खांद्यावर काळ्या नळीचं वेटोळं.
मी अर्धी डहाळी त्यांना दिली.
त्यांनी ती टोपीत खोचली
आणि दिवसभर तशीच घालून हिंडले.

मग दर शनिवारी पाच-दहा मिनिटं.
कुठे नळी फुटली, बुरोंडीला बांगडा कितीला गेला,
धाकटीचं डी.एड.
आणि झाडं.
"ह्यांना आमचा पाणी लागत नाय.
मुळां खाली गेलीत, आपल्या विहिरीच्यापण खाली.
आमी घालतो ता गवताला.
गवत मान्सांना लागता."

एकदा सांगितलं,
आल्या आल्या, पहिल्याच उन्हाळ्यात,
वजू करताना पाना ठेवला
एका फांदीच्या बेचक्यात.
कुठल्या झाडाच्या, ते विसरले.
कंपनीनं पगारातून चाळीस दिरहम कापले.
चार वर्षांनी दिसला,
अर्धा सालीच्या आत गेलेला.
ओढला. निघाला नाही.
"आता गिळला आसंल पुरा."

मला हसू आलं. म्हटलं, हमीदभाई,
आमच्यात गोष्ट आहे, अज्ञातवासात पांडवांनी
शस्त्रं शमीवर…
"ठाव हाय," म्हणाले. "नमनात बघितलंय.
पण त्यांचा एकच वरसाचा होता."

त्यांची सत्तावीस झाली.
गेल्या गुरुवारी गेले.
तीस किलो सामान, त्यात नातवाची सायकल,
चाकं वेगळी काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून.
फोन नंबर मी मागितला नाही,
त्यांनीही दिला नाही, का कोण जाणे.
एवढंच म्हणाले,
सव्या वळणापाशी बघा कधी. आसंल, नसंल.

आज शनिवार. सप्टेंबरातली चिकट पहाट,
पानांवरून दव टपटपतंय
आणि माझा चष्मा पुसून पुसून थकलाय.
रात्रीच्या शेगड्यांचा कोळसा
अजून कबाबाच्या वासाचा.
सहाव्या वळणापाशी
एकेका बुंध्यावरून हात फिरवते.
गाठी सगळ्यांनाच आहेत.
एक जरा लांबट.
एक थंड लागते, पण ती सावलीतली.
खाली बसून कान लावून बघावा असंही वाटतं,
मग मागून धावणारी एक बाई येते
आणि मी बुटाची नाडी बांधल्यासारखं करते.

नवा मुलगा येतो नळी ओढत.
चितवनचा. मिसरूडसुद्धा धड नाही.
"मॅडम, कुछ गिरा क्या?"
काय सांगू?
म्हणते, पाना.

तो खिशातून स्वतःचा काढून दाखवतो,
नवा, चकचकीत,
अजून कागदाची चिठ्ठी चिकटलेली.
"ये तो नहीं?"
हा नाही, म्हणते मी.
तो मान हलवतो,
आणि नळीचा पीळ सोडवायला
दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून
समोरच्या बेचक्यात
अलगद ठेवून देतो.

मी तोंड उघडते.
नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान जातं,
इतकं खाली
की खिडक्या मोजता याव्यात.